डोळे चुरचुरतात ते वेगळ्या कारणाने, नजर जाते ती वेगळ्या कारणाने

दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते. संध्याकाळ झाली की डोळे चुरचुरतात, वाळूचा कण गेल्यासारखं खुपतं, मधूनच पाणी वाहू लागतं. तपासायला गेलं की डॉक्टर सांगतात, "डोळे कोरडे पडलेत." घळाघळा पाणी वाहणारा डोळा कोरडा कसा, हे बहुतेकांना पटत नाही. मग निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेतला जातो आणि त्रास होता तिथेच राहतो.

या गोंधळाचं मूळ असं की, डोळ्यांना होणारा त्रास आणि डोळ्यांचं होणारं नुकसान या दोन्ही गोष्टी आपण एकच धरतो. रोजच्या सवयींमुळे दोन्ही होतात खरे, पण सवयी वेगळ्या असतात आणि डोळ्याचे भागही वेगळे असतात. स्क्रीनसमोर जे जळतं, खुपतं, दुखतं, त्याने मोठ्या माणसाची नजर सहसा जात नाही. नजर ज्यामुळे जाते ते मात्र अनेकदा वर्षानुवर्षं अजिबात दुखत नाही. म्हणून आधी खुपणाऱ्या गोष्टींकडे पाहू, मग न खुपणाऱ्या.

## पाणी येणारा डोळा कोरडा कसा?

बुबुळावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर कायम पसरलेला असतो. तो नुसत्या पाण्याचा नसतो. तळाला चिकट पदार्थ असतो, त्यामुळे पाणी बुबुळाला धरून राहतं. मध्ये पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या आत उभ्या ओळीत बसलेल्या ग्रंथींमधून येतं. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. त्यांची तोंडं पापणीच्या केसांच्या लगेच मागे उघडतात. पापणी पूर्ण मिटली की थोडं तेल पिळून बाहेर येतं आणि पापणी उघडताना डोळाभर पसरतं. तेलाचा हा पापुद्रा नसेल तर खालचं पाणी भराभर उडून जातं.

निवांत गप्पा मारताना आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनवर लक्ष लागलं की हा आकडा पाच-सातवर येतो. त्यातही अनेकदा वरची पापणी अर्ध्यात येऊन परत जाते, खालच्या पापणीला टेकतच नाही. मग बुबुळाचा खालचा भाग उघडाच राहतो, तिथला अश्रूंचा थर फाटतो. बुबुळात मज्जातंतूंचं जाळं इतकं दाट असतं की एवढीशी कोरडी जागाही लगेच जाणवते. धोक्याची सूचना मिळाली की अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. त्या पाण्यात तेलाचा पुरेसा वाटा नसतो, म्हणून ते डोळ्यावर टिकत नाही आणि गालावरून वाहून जातं. पाणी येतं ते डोळा कोरडा पडल्यामुळेच.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाचता वाचता अक्षरं धूसर झाली आणि दोन-तीनदा पापण्या मिटल्यावर पुन्हा स्वच्छ दिसू लागली, तर बहुधा चष्म्याचा नंबर बदललेला नसतो, अश्रूंचा थर फाटलेला असतो.

ही फक्त सोसून सोडून देण्याची गोष्टही नाही. तेल वेळच्या वेळी पिळलं गेलं नाही की ते घट्ट होतं, ग्रंथींची तोंडं बुजतात, रांजणवाडी वारंवार होऊ लागते. वर्षानुवर्षं असंच चाललं तर ग्रंथी आक्रसतात, आणि आक्रसलेली ग्रंथी सहसा पूर्ववत होत नाही.

उपाय साधे आहेत, पण ते नेमके करावे लागतात. तासाभराने एकदा काम थांबवून डोळे हलकेच मिटा, दोन सेकंद तसेच ठेवा, मग पापण्या किंचित दाबा आणि उघडा. असं दहा वेळा. स्क्रीन डोळ्यांपासून ५० ते ७० सेंटिमीटरवर असावी आणि तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. मान दुखते म्हणून लॅपटॉप उंच ठेवणारे पुष्कळदा तो गरजेपेक्षा जास्त उंच ठेवतात. नजर वर गेली की पापणी जास्त उघडते, डोळ्याचा जास्त भाग हवेला लागतो आणि तो लवकर वाळतो. नजर थोडी खाली असेल तर पापणीच आडोसा करते. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर येत असेल तर बसण्याची जागा बदला.

पापण्यांच्या कडा लाल, तेलकट किंवा खवले आल्यासारख्या दिसत असतील तर शेक द्यावा. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहा आणि मिटलेल्या पापण्यांवर ठेवा. नेमकं चुकतं ते इथेच. कापड दोन-तीन मिनिटांत गार होतं आणि लोक तेच तसंच ठेवून बसतात. गोठलेलं तेल वितळायला सलग पाच ते दहा मिनिटं ऊब लागते, म्हणून कापड पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं. नंतर वरच्या पापणीवरून वरून खाली आणि खालच्या पापणीवरून खालून वर, केसांच्या दिशेने, बोट हलकेच फिरवा. डोळ्याच्या गोळ्यावर दाब देऊ नका.

कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण बाटलीतलं औषध टिकवणारं ते रसायनच बुबुळाच्या पृष्ठभागाला त्रास देतं. 'लाली घालवणारे' थेंब ही वेगळी वस्तू आहे. ते फक्त रक्तवाहिन्या आवळतात. असर उतरला की लाली पुन्हा येते, कधी आधीपेक्षा जास्त.

## मग डोकं जड होतं ते कशाने?

डोळ्याच्या आत भिंगाभोवती स्नायूचं एक कडं असतं. जवळचं पाहताना हा स्नायू आकसतो आणि भिंग फुगतं. लांब पाहिलं की स्नायू सैल पडतो. भरलेली बादली उचलणं अवघड नसतं, ती हातात धरून अर्धा तास उभं राहणं अवघड असतं. त्याचप्रमाणे जवळ पाहण्याने डोळा थकत नाही, तिथून नजर न हलवण्याने थकतो.

किती जवळ, यालाही महत्त्व आहे. भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात, चष्म्याचा नंबर याच मापात असतो. ५० सेंटिमीटरवरचं वाचायला डोळ्याला २ डायॉप्टरचा जोर लावावा लागतो, २५ सेंटिमीटरवरच्या मोबाइलसाठी ४. अंतर निम्मं केलं की श्रम दुप्पट होतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० फूट, म्हणजे साधारण ६ मीटर, लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा असं सांगतात. त्या आकड्यांना पवित्र मानायची गरज नाही. स्नायू सैल पडणं महत्त्वाचं. त्या विश्रांतीत कॉम्प्युटर सोडून मोबाइल हातात घेतला तर काहीच साधत नाही.

चाळिशी लागलेल्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. वाचायचा चष्मा बहुधा ४० सेंटिमीटरच्या हिशेबाने देतात, कॉम्प्युटर मात्र ६०-७० सेंटिमीटरवर असतो. मग माणूस हनुवटी वर करून चष्म्याच्या खालच्या भागातून पाहतो, आणि संध्याकाळी मान धरते. डोळे तपासायला जाण्याआधी स्क्रीनचं अंतर टेपने मोजा आणि तो आकडा तपासणाऱ्याला सांगा. चाळिशीचा चष्मा लांबणीवर टाकल्याने भिंगाचा कडकपणा लांबत नाही आणि लावल्याने वाढतही नाही. तो वयाने येतो.

## निळ्या प्रकाशाने डोळे खराब होतात ना?

ही भीती गरजेपेक्षा फार मोठी झाली आहे. मोबाइल किंवा लॅपटॉपमधून येणारा निळा प्रकाश उघड्या आकाशाखाली डोळ्यात जाणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो. २०२३ साली कोक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. साध्या चष्म्याच्या तुलनेत निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्याने स्क्रीनमुळे होणारा डोळ्यांचा थकवा कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. कारण उघड आहे. थकवा न मिटणाऱ्या पापण्यांचा आणि न हलणाऱ्या नजरेचा असतो, आणि चष्म्याची काच दोन्हींपैकी काहीच बदलत नाही.

झोपेच्या बाबतीत मात्र निळ्या प्रकाशाचा संबंध आहे. डोळ्याच्या मागच्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्यात काही पेशी 'अजून दिवस आहे' एवढंच मेंदूला कळवण्यासाठी असतात आणि त्यांना निळा प्रकाश विशेष जाणवतो. रात्री उशिरापर्यंत झगझगीत स्क्रीन पाहिली की झोप लांबते. यावर झोपण्याआधी तासभर मोबाइल बाजूला ठेवणं हा खरा उपाय. मंद उजेडात वाचल्याने डोळे थकतात, बिघडत नाहीत.

## लहान मुलांचं गणित वेगळं आहे

मोठ्यांच्या बाबतीत ज्या सवयीने फक्त थकवा येतो, तीच सवय वाढत्या डोळ्याचा आकार बदलू शकते. इथे त्रास आणि नुकसान यांची सीमारेषा पुसली जाते, म्हणून हा भाग सविस्तर.

जन्मतः डोळ्याचा गोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा साधारण २४. तो वाढताना मागच्या पडद्यावर प्रतिमा नेमकी पडेल इतकाच वाढायला हवा. त्यापेक्षा लांबला तर लांबच्या वस्तूंची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते, लांबचं धूसर दिसतं आणि मायनसचा नंबर लागतो. एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर. लांबलेला डोळा परत आखूड होत नाही. नंबर सहाच्या पुढे गेला की आतला पडदा ताणला जाऊन पातळ होतो, आणि मोठेपणी पडदा सुटण्याचा, काचबिंदूचा आणि पडद्याच्या मध्यभागी खराबी येण्याचा धोका वाढतो. चष्म्याने नजर स्वच्छ होते, हा धोका मात्र कमी होत नाही.

यावरचा सगळ्यात भक्कम पुरावा असलेला सवयीचा उपाय म्हणजे मुलांना उघड्यावर सोडणं. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची घराबाहेरची तासिका दिली. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना मायनसचा नंबर लागला होता, नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तैवानने २०१० पासून शाळांमध्ये रोज १२० मिनिटं बाहेर राहण्याचा कार्यक्रम राबवला आहे.

बाहेर जाऊन नेमकं काय होतं? आज सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण उजेडाचं आहे. उजेड लक्स या मापात मोजतात. नीट दिवे लावलेल्या खोलीत ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, बाहेर ढगाळ दिवशीही कित्येक हजार लक्स आणि स्वच्छ उन्हात लाखाच्या आसपास. तेजस्वी उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन जास्त स्रवतं आणि ते गोळ्याच्या वाढीला लगाम घालतं. म्हणून खेळ कोणता याला महत्त्व नाही. झाडाच्या सावलीत, टोपी घालून बसलेल्या मुलालाही खोलीतल्यापेक्षा बराच जास्त उजेड मिळतो. दिवसाला दोन तास हे लक्ष्य ठेवा, ते तुकड्यांत झालं तरी चालेल. पुस्तक किंवा मोबाइल धरताना मूठ हनुवटीखाली ठेवली तर कोपर जिथे टेकेल, त्यापेक्षा जवळ धरू देऊ नये.

"चष्मा लावला की नंबर वाढतच जातो," असं म्हणून पुष्कळ घरांत मुलाला चष्मा दिला जात नाही किंवा मुद्दाम कमी नंबरचा दिला जातो. शरीर वाढतं तसा डोळा वाढतो, म्हणून नंबर वाढतो. तो चष्म्याशिवायही वाढलाच असता. कमी नंबरचा चष्मा देऊन केलेल्या चाचणीत नंबर वाढण्याचा वेग कमी झाला नाही, उलट थोडा वाढलेला दिसला. नंबर झपाट्याने चढत असेल तर कमी मात्रेचे अॅट्रोपिनचे थेंब आणि खास काचा हे उपाय आता उपलब्ध आहेत, ते डॉक्टरांना विचारा.

आणखी एक धोका अगदी बिनबोभाट असतो. एकाच डोळ्याला मोठा नंबर असेल तर मूल दुसऱ्या डोळ्याने व्यवस्थित पाहतं आणि कधीच तक्रार करत नाही. मेंदू अधू डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि तो डोळा कायमचा 'आळशी' राहतो. उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाले तर चांगले लागू पडतात. म्हणून तीन-चार वर्षांचं असताना, प्रत्येक डोळा वेगळा झाकून, एकदा तपासणी व्हायलाच हवी.

## न दुखता नजर नेणाऱ्या सवयी

यातली सर्वांत घातक सवय म्हणून मी डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइडचे थेंब वापरण्याकडे बोट दाखवेन. खाज, लाली, डोळे येणं, कशासाठीही एकदा दिलेली बाटली घरात उरते आणि पुढच्या वेळी तीच वापरली जाते. आराम तासाभरात पडतो, म्हणून विश्वास बसतो. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. काही जणांचा तो या थेंबांनी काही आठवड्यांत चढतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू मरू लागते. दुखत नाही, समोरचं स्वच्छ दिसत राहतं, फक्त कडेची दृष्टी आक्रसत जाते. हाच काचबिंदू. मेलेली नस परत येत नाही. दीर्घकाळ वापराने मोतीबिंदूही लवकर येतो, आणि बुबुळावर विषाणूची किंवा बुरशीची जखम असेल तर हेच थेंब ती चिघळवतात.

कॉन्टॅक्ट लेन्सचा शत्रू म्हणजे पाणी. नळाच्या पाण्यात अकॅंथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. तो बुबुळात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. म्हणून लेन्स किंवा तिची डबी पाण्याने धुवायची नाही, लेन्स घालून पोहायचं किंवा अंघोळ करायची नाही. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, लेन्स द्रावणात बोटाने चोळून धुवा. डबीतलं कालचं द्रावण ओतून टाका, त्यात नवीन मिसळू नका. डबी दर तीन महिन्यांनी बदला. लेन्स घालून झोपल्यास जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, दुपारची डुलकीही त्यात आली.

डोळे जोरजोरात चोळण्याची सवय, विशेषतः अॅलर्जी असलेल्या मुलांमध्ये, बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याच्या आजाराशी जोडलेली आहे. खाज आली तर थंड पट्टी ठेवा आणि अॅलर्जीवर उपचार घ्या.

धूम्रपानाने म्हातारपणी पडद्याचा मध्यभाग झिजण्याचा धोका दोन ते चार पटींनी वाढतो. चेहरे ओळखायला, वाचायला लागतो तोच हा भाग. उन्हातल्या अतिनील किरणांचा मोतीबिंदूशी संबंध आहे. गॉगल घेताना काच किती काळी हे पाहू नका, 'यूव्ही ४००' असं लिहिलंय का ते पाहा. काळ्या काचेआड बाहुली मोठी होते, आणि काच किरण अडवणारी नसेल तर ते जास्तच आत जातात.

## डोळ्यांसाठी गोळ्या घ्याव्यात का?

निरोगी डोळ्यांना त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. २०१३ साली निकाल आलेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीतलं मिश्रण, ज्यात ल्युटीन, झिअॅझँथिन, क आणि ई जीवनसत्त्व, जस्त आणि तांबं असतं, ज्यांच्या पडद्याची झीज मध्यम टप्प्यात आहे अशांसाठी असतं. जुन्या मिश्रणातलं बीटा कॅरोटीन धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतं, म्हणून ते वगळलं गेलं. अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढणं अत्यावश्यक आहे, पण ते जास्त घेतल्याने चष्मा उतरत नाही.

## नंबर तपासला म्हणजे डोळे तपासले, असं नाही

शेवटच्या ओळीपर्यंतची अक्षरं वाचता आली तरी डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो किंवा मधुमेहाने पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पाझरू लागलेल्या असू शकतात. चाळिशीनंतर दाब आणि डोळ्यामागची नस तपासून घ्या, घरात कुणाला काचबिंदू असेल तर त्याआधीच. टाइप २ मधुमेह कळला की त्याच वेळी आणि पुढे सहसा दरवर्षी पडद्याची तपासणी हवी, कारण तो कळण्याआधी कित्येक वर्षं शरीरात असू शकतो. टाइप १ मध्ये मधुमेह कळल्यापासून पाच वर्षांच्या आत सुरुवात करतात.

काही लक्षणांसाठी मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही. अचानक डोळ्यांसमोर वीज चमकल्यासारखं होणं, काळे ठिपके एकदम वाढणं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली येणं, नजर एकाएकी जाणं, किंवा लाल डोळ्यासह तीव्र वेदना, दिव्यांभोवती वलयं आणि उलट्या: यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्यात चुना, आम्ल किंवा सफाईचं रसायन उडालं तर दवाखान्यात निघण्याआधी पापण्या बोटांनी फाकून वाहत्या स्वच्छ पाण्याखाली निदान १५ मिनिटं डोळा धुवा.

तपासणीला जाताना वापरत असलेले सगळे थेंब बाटल्यांसकट न्या. बाहुली मोठी करणारं औषध घातल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका, सोबत कुणाला तरी घ्या.